जुन्या जिप्सीच्या हेडलाइट होल्डरमधली अर्थची वायर कशी ओळखायची?

100/90 चे (हायला 100 वॅट, लोला 90) एच4 बल्ब, म्हणजे लो-हाय दोन्ही फिलामेंट असलेले तीन पिनांचे बल्ब, टाकायचे म्हणून तुम्ही होल्डरमधली लो, हाय आणि अर्थची वायर कोणती ते विचारलंत. मधे कोणी वायरिंग बदललं नसेल तर जिप्सीच्या होल्डरमध्ये अर्थ नसतेच. लाइट लावला की कॉमन वायरीला (दोन्ही फिलामेंटची सामायिक वायर) 12 व्होल्ट येतात, आणि डिपर लो किंवा हायची वायर निगेटिव्हला जोडतो. ‘काळी म्हणजे अर्थ’ म्हणणाऱ्या इलेक्ट्रिशियनांशी माझं इथेच वाजतं. इतक्या जुन्या गाडीत रंगावर विसंबणं म्हणजे फ्यूज उडवणं.

आधी दोन्ही बाजूंचे होल्डर काढा. एक बल्ब जागेवर राहिला तर त्याच्या फिलामेंटमधून करंट फिरून येतो आणि बंद असलेली वायरही 12 दाखवते; निम्मे लोक इथेच फसतात. मग 5 वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प घ्या. मल्टीमीटर नको, सडक्या वायरीतही तो 12 दाखवतो. लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरा, लाइट लावा, दुसरं टोक होल्डरच्या एकेका पिनेला टेकवा: ज्या पिनवर पेटेल ती कॉमन. आता तेच टोक पॉझिटिव्हला लावून उरलेल्या दोन पिना बघा. डिपर लोवर असताना पेटेल ती लो, हायवर पेटेल ती हाय. एच4 बल्बवर आडवं पातं लोचं असतं.

इतक्या वॅटचा करंट जुन्या वायरीतून न नेता थेट बॅटरीतून बल्बला देणारा स्विच म्हणजे रिले. बाजारातली तयार रिले किट बहुतेक कॉमनला अर्थ धरून बनवलेली असतात. किटच्या प्लगमधली कॉमन बॉडीला जोडलेली असेल तर लाइट लावताक्षणी शॉर्ट. ती जोडणी तोडा. रिलेच्या पिनांवर नंबर असतात: दोन्ही रिलेंचा 86 जुन्या कॉमनला, एकाचा 85 लोच्या आणि दुसऱ्याचा हायच्या वायरीला. 30 ला बॅटरीतून 20 अँपिअरचा फ्यूज, 87 पासून बल्बपर्यंत 2.5 स्क्वेअर मिमीची वायर, आणि बल्बच्या कॉमनची नवी अर्थ बॉडीचा रंग खरवडून.

तरी 100/90 घेऊच नका. ते रस्त्यासाठी नाहीत, समोरच्याला आंधळं करतात आणि रिफ्लेक्टर भाजून काढतात. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीसेक टक्के जातो. रिले टाकलीत की तोच उजेड परत मिळतो, साध्या 60/55 मधून.