खनिज शोधणाऱ्या भूवैज्ञानिकाचं आयुष्य कसं असतं? नाशिकमध्ये राहून हे करिअर जमेल का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मुलगी नाशिकला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला जिऑलॉजीत एमएस्सी करून खनिज शोधायच्या कामात पडायचंय, आणि तुम्हाला प्रश्न पडलाय की "एवढी वर्षं रानोमाळ हिंडून शेवटी हाती काय लागतं?" नोकरीचं खाली सांगतो. आधी हे शेवटचं वाक्य घेतो, कारण लग्न झाल्यापासून ते मी ऐकत आलोय.

मी निफाडचा. सासुरवाडी सिन्नर तालुक्यात, वावीच्या पुढे, म्हणजे पावसाने कायम हूल दिलेला भाग. नोकरीची बरीच वर्षं राजस्थानात भिलवाड्याकडे गेली, जस्त आणि शिसं शोधण्यात. मे महिन्यात तिथलं ऊन अंगावर धावून येतं, कॅम्प बंद होतो, मग मी घरी. आणि सासऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय जावईबापू, घावलं का काही?" नाही म्हटलं की ते मेव्हण्याकडे बघून मान हलवणार. जिऑलॉजिस्ट म्हणजे एक तर सोनं काढणारा, नाही तर बोअरचा पॉइंट दाखवणारा, अशी त्यांची वाटणी आहे. मी दोन्हींत बसत नव्हतो.

अशाच एका मेमध्ये डाळिंबाची बाग पाण्यावाचून चालली होती. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुम्ही शिकलेले, पॉइंट बघा." मी सगळं रान पायी फिरलो. घराकडचा वरचा तुकडा म्हणजे अखंड काळा पाषाण, भेगासुद्धा मोजक्या. खाली ओढ्याच्या काठाला मात्र मांजऱ्या दगड उघडा पडलेला, ठिसूळ, भोकाभोकांचा. मी म्हणालो, घ्यायचीच तर ओढ्याकडे घ्या, फार खोल जाऊ नका, आणि त्याआधी जुन्या विहिरीतला गाळ काढा, ओढ्याला बांध घाला. हे कुणाला आवडलं नाही. गाळ काढण्यात कसली आलीय मजा? शिवाय ओढ्यापासून पाइपलाइन लांब पडत होती.

दुसऱ्या दिवशी पाणाड्या आला. पायाळू होता म्हणे, त्यामुळे त्याला जमिनीखालचं दिसतं. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो चालत राहिला, आणि नारळ उभा राहिला तो बरोबर विजेच्या डीपीच्या शेजारी. (हा नारळ डीपीपासून लांब उभा राहिलेला मी अजून पाहिलेला नाही.) संध्याकाळी तामिळनाडू पासिंगची बोअरची गाडी आली, रात्रभर धडधड. मला झोप येईना म्हणून मी तिथेच गोणपाट अंथरून बसलो आणि दर दहा फुटांचा चुरा ओंजळभर घेऊन ओळीने मांडत गेलो. सवयच ती. वर थोडा मुरूम, मग काळी पावडर, काळी पावडर, काळी पावडर, मग एकदम विटकरी रंगाचा गेरू, की पुन्हा काळं. हा गेरू म्हणजे लाव्ह्याच्या दोन थरांमधली भाजलेली माती. त्या सांध्यातच थोडं पाणी साठतं, आणि तिथेच ते लागलं. "दोन इंची!" पोरं ओरडली. सकाळी पेढे. सासरे मला म्हणाले, "बघा, नारळाला कॉलेज लागत नाही."

मी एवढंच म्हणालो, मामा, हे सांध्यातलं पाणी आहे, फेब्रुवारीत मोजा. फेब्रुवारीत मोटर अर्धा तास चालून हवा ओढायला लागली. त्यावर पाणाड्याचं म्हणणं काय, तर ड्रिलरने जागा हातभर चुकवली. मग तिथेच बाजूला दुसरी बोअर, ती तर कोरडीच गेली, नुसता फुफाटा. आज त्या घरात कुणालाही विचारा, पहिल्या बोअरचे पेढे सगळ्यांना आठवतात. दुसरी बोअर झालीच नव्हती अशी सगळ्यांची समजूत आहे.

माझं सासऱ्यांशी भांडण नारळावरून नाही. सह्याद्रीच्या या दगडात कुठेही भोक पाडा, कुठल्या ना कुठल्या सांध्यात थोडं तरी पाणी लागण्याची शक्यता बरीच असते, म्हणून नारळही पुष्कळदा जिंकतो. माझं म्हणणं असं की पाणाड्याकडे कोरड्या बोअरची वही नसते. खनिज शोधणाऱ्याकडे ती असते, आणि त्याचा पगार मुख्यतः त्या वहीचाच असतो.

भिलवाड्याचंच सांगतो. जमिनीत करंट सोडून घेतलेल्या सर्वेक्षणात एक झकास पट्टा लागला, नकाशावर लालभडक. खाली जस्त असेल तर दिसायला हवा अगदी तसा. वरिष्ठ खूश, ड्रिलिंग मंजूर. तीन मीटरचा बॅरल (ड्रिलची पोकळ नळी) वर आला की हेल्पर ठोकून त्यातला कोअर, म्हणजे दगडाचा दांडा, पन्हाळीत काढायचा, आम्ही तो धुऊन पेटीत मांडायचो, प्रत्येक रनच्या, म्हणजे बॅरलच्या फेरीच्या, शेवटी खोली लिहिलेला लाकडी ठोकळा. तीन मीटर खोदून अडीचच मीटर कोअर आला तर तो अर्धा मीटर कुठे हरवला हेही लिहायचं, आणि इथे ड्रिलरशी रोज वाजतं, कारण त्याला पैसे मीटरवर मिळतात आणि आपल्याला अख्खा दगड हवा असतो. त्या दिवशी कोअरवर पाणी मारलं, भिंग लावलं आणि बोट फिरवलं तर बोट काळं. ग्रॅफाइट! सोबत पायराइटचे चमकते धागे. दोघेही वीज छान वाहून नेतात, म्हणून नकाशा लाल झाला होता. जस्त नावापुरतं.

वरून फोन आला की अहवालात 'उत्साहवर्धक' असा शब्द घाला, पुढच्या वर्षाचं बजेट अडेल. मी 'ग्रॅफाइट' लिहिलं. त्या वर्षीची पगारवाढ गेली, ती गेलीच. पण कंपनीने तो पट्टा सोडला आणि तिथे आणखी शेकडो मीटर खोदायचे पैसे वाचले. मामांच्या हिशेबात हे "काही घावलं नाही" मध्ये जमा आहे.

कोअर मधोमध कापून अर्धा लॅबला जातो, अर्धा पेटीत राहतो. लॅबला पाठवायच्या नमुन्यांमध्ये आपणच मुद्दाम कोरा दगड घुसवायचा, आधीच टक्केवारी माहीत असलेला नमुना घुसवायचा, एखाद्या नमुन्याचा जुळा घुसवायचा, आणि लॅबला सांगायचं नाही. एवढा संशय कशाला? इंडोनेशियातल्या बुसांगचं प्रकरण मुलीला वाचायला सांगा. ब्रे-एक्स नावाच्या कॅनडाच्या कंपनीने तिथे सोन्याचा प्रचंड साठा दाखवला, आणि 1997 साली कळलं की नमुन्यांत बाहेरचं सोनं मिसळलं होतं. अर्धा कोअर जपून ठेवायची रीत त्यांनी पाळली नव्हती, सगळाच दळून टाकला होता, म्हणजे मागाहून पडताळायला काही शिल्लकच नाही.

आपल्याकडे 2020 च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला तीन हजार टनांहून जास्त सोनं सापडल्याच्या बातम्या आल्या. मामांचा सकाळी सकाळी फोन, "तुमच्या लोकांनी काढलं बघा, तुम्ही काय करत होते?" भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला की साठा सुमारे 52,806 टन दगडाचा, टनाला सरासरी 3.03 ग्रॅम सोनं, म्हणजे सगळं मिळून 160 किलोच्या आसपास. गुणाकार कुणीही करून बघावा. खुलासा मी मामांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. निळी टिक आली, उत्तर नाही आलं.

तर, हाती काय लागतं? बहुतेक वेळा, "इथे नाही" एवढं खात्रीने सांगता येणं. ज्याला हे पुरत नाही त्याने या धंद्यात येऊ नये, मग मार्क कितीही असोत.

आता नाशिकचं. नाशिकमध्ये राहून धातूंचा शोध? नाही जमणार. आपण सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर बसलोय, आणि जुना, खनिजांचा दगड त्याच्या खाली गाडलेला आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे बोअर घेतली तेव्हा 338 मीटर बेसाल्ट (लाव्ह्याचा हाच काळा दगड) भेदल्यावर खालचे थर लागले, आणि घाटाकडे तर हा थर आणखी जाड. पांडवलेणीच्या खाणींत निघालेले अपोफिलाइट, स्टिल्बाइटचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे आहेत, सिन्नरच्या एमआयडीसीत गारगोटी संग्रहालय आहे (मुलीला नेलं नसेल तर आधी न्या), पण ते शौकाचं झालं, खाणीचं नाही. महाराष्ट्राचा माल विदर्भात: नागपूर-भंडाऱ्याचं मँगनीज, सूरजागडचं लोखंड, वर्धा खोऱ्यातला कोळसा. बॉक्साइट कोल्हापूरकडे. ऑफिसंही नागपूरलाच, खनिज शोधणारी सरकारी कंपनी एमईसीएल, मँगनीजवाली मॉइल, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, राज्याचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय. तेव्हा मनातल्या मनात नागपूर पक्कं करून ठेवा, आणि तिथूनही पोरगी वर्षातले कितीतरी महिने ओडिशा नाही तर छत्तीसगडच्या कॅम्पवर असेल.

सरकारी वाट हवी असेल तर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा. पूर्व, मुख्य, मुलाखत. नुसत्या बीएस्सीवर बसता येत नाही, एमएस्सी लागतेच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात गट अ मध्ये लागली तर मूळ वेतन 56,100 पासून, वर भत्ते. खासगीत सुरुवात करायची तर ड्रिलिंग एजन्सीच्या कंत्राटावर शक्यतो जाऊ देऊ नका. पगार उशिरा, आणि कोअरपेक्षा मीटर मोठे. एमएस्सीसाठी आयआयटी मुंबईचं अप्लाइड जिऑलॉजी बघा, त्याला जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. 2015 नंतर शोधासाठी वेगळा निधी आला, खाण कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीने लिथियमसारख्या खनिजांसाठी शोधाचा वेगळा परवाना आला, त्यामुळे आमच्या वेळेपेक्षा आज कामं जास्त आहेत.

मुलगी आहे म्हणून कचरत असाल तर थेट सांगतो. जमिनीखालच्या खाणीत बायकांना मज्जाव होता, तो 2019 मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी, दिवसपाळीपुरता, सैल झाला. शोधाचं काम तर बहुतेक जमिनीवरचंच. कॅम्पवर संडासाची सोय आहे का, हे तिने मुलाखतीतच विचारावं, आणि समोरचा हसला तर ती नोकरी घेऊ नये. माझ्या हाताखाली तयार झालेल्या मुलींचे लॉग (कोअरच्या नोंदी) मुलांपेक्षा स्वच्छ असायचे. पण ते माझं मत, आकडेवारी नव्हे.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी खासगीतला माणूस, सर्वेक्षणातल्या लोकांचं आयुष्य माझ्यापेक्षा बरंच बरं असतं, त्यांना गाठून विचारा. आणि पाण्याच्या बाबतीत आम्हा शिकलेल्यांचेही पॉइंट कोरडे जातात, बेसाल्ट कुणाचा सगा नाही. मुलीला घर सोडायचंच नसेल तर भूजल हा विषय घेऊन नाशिकमध्ये काम मिळू शकतं. तेही चांगलं काम आहे, फक्त तिथे तिला नारळवाल्यापेक्षा कमी फी घेऊन त्याच्यापेक्षा जास्त बोलणी खावी लागतील.