एचआरच्या आकड्यांतून माणसाचं काम कळतं का? वाचकांचे दोन प्रश्न

प्रश्न: आमच्याकडे १२०-१३० लोक आहेत. हजेरी, अप्रेझल, राजीनामे असा सगळा डेटा एक्सेलमध्ये आहे. व्यवस्थापनाला त्यावरून प्रत्येकाला १०० पैकी एकच गुण द्यायचा आहे. तो कसा काढावा?

उत्तर: काढूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. हजेरीला ३० गुण आणि अप्रेझलला ५० कशावरून, याला पटणारं उत्तर कोणाकडेच नसतं. त्यातून पगारवाढ त्या गुणावर ठरू लागली, की लोक काम सोडून गुण सांभाळतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पतधोरणाबद्दल हेच म्हटलं होतं.

आधी कुठला निर्णय घ्यायचा आहे ते ठरवा. लोक सोडून जातात ही अडचण असेल, तर तेवढंच घ्या. समजा वर्षाच्या सुरुवातीला १२० जण होते, ३० नवे आले, २० गेले, १३० राहिले. सरासरी १२५, म्हणजे अट्रिशन (सरासरी संख्येच्या तुलनेत सोडून गेलेल्यांचं प्रमाण) १६ टक्के. एवढ्यावरून काय करायचं ते कळत नाही. आता जॉइनिंगच्या तारखेनुसार फोड करा. गेलेल्यांपैकी ९ जण याच वर्षी आलेले असतील, तर नव्यांमधली गळती ३० टक्के. जुन्यांमधले १२० पैकी ११ गेले, म्हणजे जेमतेम ९ टक्के. आधी भरती आणि सुरुवातीचं प्रशिक्षण तपासायला हवं, हे इथे दिसतं. मात्र वर्षाच्या शेवटच्या महिन्यात आलेल्याला सोडून जायला वेळच मिळालेला नसतो, त्यामुळे हे ३० टक्केही कमीच दिसतात. ज्यांच्या जॉइनिंगला सहा महिने उलटले आहेत (मधे सोडून गेलेलेही धरून), तेवढेच घ्या आणि त्यांतले किती जण सहा महिन्यांच्या आत गेले ते मोजा.

आठ जणांच्या टीममधून एक गेला तरी साडेबारा टक्के होतात. तिथे टक्के काढू नका, काय घडलं ते विचारा.

अप्रेझलचे आकडे माणसाआधी मॅनेजरबद्दल बोलतात. पिव्हट टेबलमध्ये मॅनेजरनिहाय सरासरी काढा. सारखंच काम करणाऱ्या दोन टीमपैकी एकीची सरासरी ५ पैकी ४.४ आणि दुसरीची ३.१ आली, तर एका मॅनेजरचा हात सैल असण्याची शक्यता मोठी. पण टीम खरोखर सरसही असू शकते, म्हणून सूत्र लावून सगळ्यांना एका पातळीवर आणू नका. रेटिंग पक्कं होण्याआधी मॅनेजरांना एकत्र बसवा आणि प्रत्येक ५ आणि प्रत्येक २ मागचं काम दाखवायला लावा.

प्रश्न: गैरहजेरीसाठी ब्रॅडफर्ड फॅक्टर वापरावा का?

उत्तर: जपून. वर्षात किती वेळा गैरहजर राहिलात त्याचा वर्ग, गुणिले एकूण दिवस, हे त्याचं सूत्र. सलग १० दिवस आजारी असलेल्याचे १० होतात, एकेक दिवस १० वेळा न आलेल्याचे १,०००. अचानकच्या दांड्यांनी कामाची आखणी कोलमडते, म्हणून हा भार. पण अर्धशिशीचा त्रास असलेला माणूसही त्याच हजारात जातो. मंजूर रजा आणि उपचारांचे दिवस आधीच वगळा आणि आकडा वाढला की नोटीस न काढता विचारपूस करा. एकाच टीममधल्या अनेकांचे आकडे एकदम चढले, तर आधी शिफ्टचं वेळापत्रक काढून बघा.