वयोमानाने मॅक्युलाची झीज झाली असता डोळ्यातील इंजेक्शने मध्येच थांबवावीत का?

आपल्या आईंना ओल्या प्रकारची मॅक्युलाची झीज आहे, तीन इंजेक्शने झाली तरी नजर जिथे होती तिथेच आहे, आणि खर्च पाहता ती थांबवावीत का, असे आपण विचारले आहे. माझ्या वडिलांवर हेच उपचार काही वर्षांपासून चालू आहेत. माझे स्पष्ट मत असे की, नजर सुधारली नाही एवढ्याच कारणासाठी इंजेक्शने थांबवू नयेत.

या प्रकारात दृष्टिपटलाच्या मध्यभागी, मॅक्युलाखाली, नाजूक रक्तवाहिन्या नव्याने वाढतात आणि त्यांतून द्रव व रक्त झिरपत राहते. या वाढीला चालना देणारे व्हीईजीएफ नावाचे प्रथिन इंजेक्शनातील औषध रोखून धरते, परंतु काही आठवड्यांत त्याचा प्रभाव ओसरतो आणि झिरपणे पुन्हा सुरू होऊ शकते. एकदा व्रण तयार झाला की तेथील नजर परत येत नाही. म्हणून नजर आहे तेवढी टिकणे हेच या उपचाराचे मोठे यश आहे. २००६ साली रॅनिबिझुमॅब हे व्हीईजीएफ रोखणारे औषध येण्यापूर्वी बहुतेक रुग्णांना तेवढेही लाभत नसे. सुरुवातीची तीन इंजेक्शने साधारणतः महिन्याच्या अंतराने देतात, आणि पुढे ओसीटी तपासणीत, म्हणजे दृष्टिपटलाचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, डोळा कोरडा म्हणजे द्रव न साठलेला दिसत असेल तर डॉक्टर हे अंतर हळूहळू वाढवत नेतात. मॅक्युलावर पूर्ण व्रण झाला असून आता लाभ होणार नाही, असे डॉक्टरांनीच सांगितले तर गोष्ट वेगळी.

खर्चाची अडचण खरी आहे आणि ती डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडावी. बेव्हॅसिझुमॅब हे मूळचे कर्करोगावरील औषध पुष्कळ स्वस्त पडते; अमेरिकेत सरकारी निधीतून झालेल्या तुलनात्मक चाचणीत, जिचे पहिल्या वर्षाचे निष्कर्ष २०११ मध्ये आले, ते नजर राखण्यात रॅनिबिझुमॅबच्या बरोबरीचे ठरले. मात्र डोळ्यासाठी त्याचे लहान डोस वेगळे काढावे लागतात, म्हणून ते काम निर्जंतुक पद्धतीने कोठे होते हे अवश्य विचारावे. रॅनिबिझुमॅबची भारतीय बनावटीची बायोसिमिलर (मूळ औषधाशी अगदी मिळतीजुळती) आवृत्तीही २०१५ पासून मिळते. ॲफ्लिबरसेप्ट किंवा फॅरिसिमॅब ही याच उपचाराची दुसरी औषधे महाग असली तरी काही रुग्णांत दोन इंजेक्शनांमधील अंतर वाढवता येते, त्यामुळे हिशेब एका इंजेक्शनाचा न करता वर्षाचा करावा.

ल्युटिन, झिॲझँथिन, जस्त आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या या इंजेक्शनांची जागा घेऊ शकत नाहीत. दुसऱ्या डोळ्यात मध्यम टप्प्याची कोरडी झीज, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या न वाढता होणारी झीज, असेल तर आजार पुढे सरकण्याचा धोका त्या काही प्रमाणात कमी करतात. धूम्रपान करणाऱ्यांनी, किंवा पूर्वी करत असलेल्यांनी, बीटा कॅरोटीन असलेल्या गोळ्या टाळाव्यात, कारण त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचे आढळले आहे.

घरी ॲम्सलरच्या चौकटींचा तक्ता ठेवून आईंना जवळचा चष्मा लावून एकेका डोळ्याने तो रोज पाहण्यास सांगा. सरळ रेषा नव्याने वाकड्या दिसू लागल्या किंवा मध्ये काळा ठिपका आला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. इंजेक्शनानंतरच्या काही दिवसांत वेदना, लाली वाढत गेली किंवा नजर अंधुक झाली, तर तो संसर्ग असू शकतो. असे क्वचितच घडते, पण त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा. आणि खर्चामुळे रुग्णालय बदलावे लागलेच, तर आजवरच्या सर्व ओसीटी प्रती आणि प्रत्येक इंजेक्शनाचे नाव व तारीख सोबत न्या, म्हणजे नव्या डॉक्टरांना पुढचे अंतर ठरवणे सोपे जाईल.