न्यू जर्सीत भाडेकरार करण्याआधी डिस्ट्रिक्टचं बजेट वाचा

ताई, तुम्ही विचारलंय की जूनमध्ये घोडबंदर रोडवरून न्यू जर्सीला हलायचंय, मुलगी सातवीत आणि मुलगा पहिलीत जाईल, त्याची स्पीच थेरपी चालू आहे, तर चांगली शाळा कोणती आणि डोनेशन किती. डोनेशनचं उत्तर सोपं आहे. पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे इकडच्या सरकारी शाळेत, डोनेशन नाही आणि फीही नाही. शाळेचं उत्तर जरा लांबेल.

ठाण्यात घर घोडबंदर रोडच्या ब्रह्मांडला आणि पोरं लांब नौपाड्याच्या शाळेत, असं सर्रास चालतं. इकडे तुमचा पत्ता हीच अ‍ॅडमिशन. म्हणून सगळे दहापैकी किती रेटिंग ते बघतात आणि घर ठरवतात. रेटिंगवरून तिथे कसे लोक राहतात ते कळतं, पुढच्या वर्षी शाळेत काय शिल्लक राहणार ते कळत नाही. त्यासाठी बजेट बघावं लागतं.

साधारण एका गावाच्या सरकारी शाळा मिळून एक ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ होतं आणि ते चालवतं बोर्ड ऑफ एज्युकेशन. बहुतेक गावांत लोकांनी निवडून दिलेलं, सदस्यांची मुदत 3 वर्षं, मानधन शून्य. पैसा मुख्यतः घरपट्टीतून येतो. ठाणे महापालिकेच्या बिलात शिक्षण कराची एक ओळ असते, ती आपण वाचतही नाही. इकडे राज्यभराचा हिशोब धरला तर घरपट्टीतला साधारण निम्मा पैसा शाळांना जातो. (भाडेकरू असलात तरी सुटका नाही, घरमालक तो भाड्यात लावतोच.) पण 2010 च्या कायद्यामुळे ही करवसुली, काही अपवाद सोडले तर, वर्षाला 2 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. पगार आणि स्टाफचा आरोग्यविमा मात्र त्या 2 टक्क्यांत मावत नाही. त्यात राज्याची मदत घटली की कात्री लागते.

कात्री कुठे लागते हे आधीच ओळखता येतं. कायद्याने सक्तीचं आहे ते राहतं, बाकीचं टांगणीला. बसचंच बघा. आठवीपर्यंतच्या मुलांचं घर शाळेपासून 2 मैलांपेक्षा लांब असेल, हायस्कूलवाल्यांचं अडीच मैलांपेक्षा, तर बस द्यावीच लागते. त्याच्या आतल्यांना मिळते ती ‘कर्टसी बस’, म्हणजे बोर्डाची मेहेरबानी. आमच्याकडे एका वर्षी तिला पैसे लावले. सुनावणीला हॉल खच्चून भरला होता, प्रत्येकाला 3 मिनिटं, समोर टायमर. एक बाई चौकातल्या रहदारीचे फोटो घेऊन आली होती. सदस्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ठराव मंजूर केला. तेव्हा घर बघताना मैल मोजा. ऑर्केस्ट्रा, लायब्ररियन, खेळाच्या टीम हे सगळंही त्याच टांगणीच्या यादीतलं.

तुमच्या मुलाचं तसं नाही. विशेष गरजांच्या मुलांसाठी केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे मूल पात्र ठरलं की डिस्ट्रिक्टला ‘पैसे नाहीत’ म्हणता येत नाही. मात्र तोंडी सांगून थांबू नका, मूल्यमापनासाठी लेखी अर्ज द्या. त्यानंतर 20 दिवसांत त्यांना तुमच्याबरोबर मीटिंग घ्यावी लागते. ठाण्यातल्या थेरपिस्टचा रिपोर्ट इंग्लिशमध्ये, सहीशिक्क्यासह आणा.

शिक्षकांची नेमणूक सुपरिंटेंडंटच्या (डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याच्या) शिफारशीशिवाय बोर्डाला करता येत नाही. नव्या शिक्षकाला कायम व्हायला 4 वर्षं लागतात आणि तोवर दर वर्षी 15 मेच्या आत त्याला पुढच्या वर्षी नोकरी आहे की नाही ते कळवावं लागतं. म्हणून एप्रिल-मेच्या मीटिंगचे अजेंडे वाचा. एकाच शाळेतून बरेच राजीनामे दिसले, तर तिथल्या पालकांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शाळेचं आर्थिक वर्ष 1 जुलै ते 30 जून. कच्चं बजेट मार्चमध्ये येतं, जाहीर सुनावणी एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला. म्हणजे तुम्ही विमानात बसाल तेव्हा पुढच्या वर्षाचं बजेट मंजूर झालेलं असेल. डिस्ट्रिक्टच्या साइटवर ‘युजर फ्रेंडली बजेट’, म्हणजे सामान्य माणसाला कळेल असा बजेटचा सारांश, शोधा, ते टाकणं त्यांना बंधनकारक आहे. मागच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून बघा.

नाव नोंदवताना भाडेकरार, वीजबिल, जन्मदाखला आणि लसीकरणाच्या नोंदी मागतील. व्हिसा कुठला, हे विचारायचा त्यांना अधिकार नाही. घरी कोणती भाषा बोलता या रकान्यात बरेच जण भीतीपोटी इंग्लिश लिहितात. तुम्ही सरळ मराठी लिहा. फार तर मुलांची इंग्लिशची चाचणी घेतील, आणि तुमची पोरं ती सहज पार करतील.