घरच्या आर्केड कॅबिनेटसाठी संगणक कोणता?

प्रश्न : जुन्या आर्केड खेळांसाठी मी घरीच लाकडी कॅबिनेट तयार करत आहे. आत बसवण्यासाठी माझ्याकडे कार्यालयातून बाद झालेला एक डेस्कटॉप आहे. त्यात तिसऱ्या पिढीचा कोअर आय-५ प्रोसेसर आणि ८ जीबी मेमरी आहे. तो पुरेल, की रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्यावा? एका मित्राचे म्हणणे असे, की भारी ग्राफिक्स कार्डाशिवाय खेळ सुरळीत चालणार नाहीत. पडदा कोणता निवडावा, हेही सांगावे.

उत्तर : मित्राचा सल्ला आजच्या संगणकीय खेळांना लागू पडतो, आर्केडच्या इम्युलेटरला, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला, फारसा नाही. निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेले आणि आजही सर्वाधिक वापरले जाणारे ‘मेम’ हे सॉफ्टवेअर मूळ यंत्रातील प्रत्येक चिपचे काम, अगदी चित्र काढणाऱ्या चिपचेसुद्धा, बहुतांशी मुख्य प्रोसेसरकडूनच करून घेते. ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला तयार झालेले चित्र पडद्यावर दाखवणे एवढेच उरते. जुन्या काचेच्या पडद्याचा भास निर्माण करणारे शेडर वापरायचे असतील, तर कार्डाला थोडे अधिक काम पडते, इतकेच.

प्रोसेसर निवडताना कोअर (त्यातील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) किती आहेत, यापेक्षा एकेक कोअर किती वेगवान आहे, हे पाहावे. १९८१ च्या ‘गॅलागा’मध्ये सुमारे ३ मेगाहर्ट्झचे तीन झेड-८० प्रोसेसर एकाच वेळी काम करत असत. त्यांची नक्कल करताना ते परस्परांशी क्षणाक्षणाला जुळलेले ठेवावे लागतात, आणि म्हणूनच ते काम तीन वेगळ्या कोअरवर सोपवून मोकळे होता येत नाही. सोळा कोअरचा पण मंद गतीचा प्रोसेसर या कामी चार वेगवान कोअरच्या प्रोसेसरपुढे मागे पडतो, तो याच कारणाने.

आता तुमच्या डेस्कटॉपविषयी. काय विकत घ्यावे, हे ठरवण्याआधी कोणते खेळ खेळायचे, याची यादी करा. ‘पॅक-मॅन’ (१९८०) पासून ‘स्ट्रीट फायटर टू’ (१९९१) पर्यंतचे आणि त्यानंतरचेही बहुतेक द्विमितीय खेळ तुमचा संगणक सहज चालवील. अडचण येते ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील त्रिमितीय खेळांत. ‘सॅन फ्रान्सिस्को रश’ (१९९६) किंवा ‘गॉन्टलेट लेजंड्स’ (१९९८) यांच्या मूळ यंत्रांत वेगवान प्रोसेसरच्या जोडीला व्हूडू जातीची ग्राफिक्स चिप होती, आणि मेम तिचीही नक्कल प्रोसेसरवरच करते. असे खेळ यादीत असतील, तर अलीकडच्या पिढीचा, एका कोअरमागे भरपूर वेग देणारा प्रोसेसर घ्यावा लागेल. सेगाच्या मॉडेल ३ यंत्रासाठी ‘सुपरमॉडेल’ आणि नाओमी यंत्रासाठी ‘फ्लायकास्ट’ हे इम्युलेटर मात्र ग्राफिक्स कार्डाचा खरोखर उपयोग करून घेतात. मित्राचे म्हणणे खरे ठरते ते एवढ्यापुरते.

रास्पबेरी पाय लहान, थंड आणि कमी वीज खाणारा असल्यामुळे टेबलावर ठेवण्याच्या छोट्या कॅबिनेटला तो शोभतो. त्यावर बहुधा मेमच्या जुन्या, हलक्या आवृत्त्या चालवल्या जातात. त्या आवृत्तीशी जुळणारा रॉम-संच, म्हणजे मूळ यंत्राच्या चिपमधून उतरवलेल्या खेळाच्या फायली, नसेल, तर खेळ सुरूच होत नाही आणि दोष उगाच यंत्राला दिला जातो. हाताशी डेस्कटॉप असताना नवा रास्पबेरी पाय घेण्याचे कारण मला दिसत नाही.

वाचलेले पैसे पडद्यावर घाला, कारण घरच्या कॅबिनेटची खरी उणीव बहुतेक वेळा तेथेच जाणवते. आर्केडचे सर्वच खेळ सेकंदाला ६० चित्रे दाखवत नसत. ‘मॉर्टल कॉम्बॅट’चा वेग सुमारे ५४.७ हर्ट्झ आहे. साध्या ६० हर्ट्झच्या पडद्याशी तो जुळवला, तर खेळ जवळजवळ दहा टक्के अधिक वेगाने पळतो, आणि मूळ वेगाने चालवला, तर दर सेकंदाला पाचेक चित्रे दोनदा दिसून हालचाल अडखळते. रिफ्रेश रेट बदलू शकणारा, म्हणजे फ्रीसिंक किंवा तत्सम सोय असलेला मॉनिटर ही कुचंबणा संपवतो. तुमच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्समध्ये ही सोय नाही, तेव्हा ती देणारे एखादे साधे कार्ड अवश्य घाला. ताकदीसाठी नव्हे, या सोयीसाठी.

पडदा आडवा की उभा, हेही यादीवरूनच ठरवावे. ‘पॅक-मॅन’चे चित्र उभे, २२४ बाय २८८ ठिपक्यांचे आहे. १६:९ च्या आडव्या पडद्यावर ते दाखवले, तर निम्म्याहून अधिक पडदा काळाच राहतो. मूळचा काचेचा आर्केड मॉनिटर मिळत असेल, तर चित्र अर्थातच अस्सल दिसते. पण तो साधारण १५.७ किलोहर्ट्झच्या आडव्या वारंवारितेवर, म्हणजे चित्राच्या ओळी काढण्याच्या वेगावर, चालतो, तर संगणकाचा नेहमीचा संकेत ३१ किलोहर्ट्झपासून सुरू होतो. चुकीच्या संकेताने असा मॉनिटर जळू शकतो आणि बंद केल्यावरही त्यात धोकादायक व्होल्टेज टिकून राहते. अनुभवी माणूस सोबत नसेल, तर त्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : जुन्या कीबोर्डमधील सर्किट काढून त्याला मी आर्केडची बटणे जोडली. एकटा खेळताना सर्व ठीक चालते, परंतु दोघे खेळू लागलो की काही बटणे दाबूनही लागत नाहीत. प्रोसेसर कमी पडतो आहे का?

उत्तर : प्रोसेसरचा यात काही संबंध नाही. साध्या कीबोर्डमध्ये कळा उभ्या-आडव्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात आणि एकाच वेळी अनेक कळा दाबल्या, तर त्यांपैकी कोणत्या खरोखर दाबल्या आहेत, हे सर्किटला ओळखता येत नाही. म्हणून काही कळा ते सोडून देते. जोडण्या बदलून थोडा फरक पडेल, पण दोन खेळाडूंसाठी तो पुरणार नाही. प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार आणि सर्वांना मिळून एक समाईक ग्राउंड देणारा यूएसबी एन्कोडर, म्हणजे बटणांचे संकेत संगणकाला कळवणारे छोटे सर्किट, घ्या. घेताना त्यावर दोन्ही बाजूंची सर्व बटणे, जॉयस्टिकच्या चार-चार दिशा, नाणे आणि प्रारंभ यांसाठी पुरेशा जोडण्या आहेत ना, हे मोजून पाहा.