सर्जनला इंडेम्निटी विमा कायद्याने सक्तीचा असावा का?

असावा. उपचारात चूक झाली तर पेशंटला द्यावी लागणारी भरपाई हा विमा भरतो. आपल्याकडे सरसकट सक्ती नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आणले, पण भरपाई कुठून यायची याची सोय कोणी लावली नाही.

मी इंदूरला भूलतज्ज्ञ आहे, थोरला भाऊ सर्जन. यावरून आमचं कायम वाजतं. दादाचं म्हणणं, "पॉलिसी आहे म्हटलं की वकील माग काढत येतात." साठीनंतर त्याने ऑपरेशनं बंद केली आणि पॉलिसीही रिन्यू केली नाही. मी रामबागेत त्याच्या घरी जाऊन बजावलं, निदान दोन-तीन वर्षं चालू ठेव. वहिनीनेही सांगून पाहिलं. दादाचं एकच, "चाकू खाली ठेवला, आता हप्ता कशाचा?"

तक्रारीची दोन वर्षांची मुदत भरत आली आणि नोटीस आली. देवासची बाई, दुर्बिणीने पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा झालेली. दादाने जुनी पॉलिसी शोधून कंपनीला पाठवली, ऑपरेशनची तारीख तिच्या मुदतीतलीच होती. तरी नकार आला. ही पॉलिसी 'क्लेम्स मेड' असते, दावा येतो तेव्हा ती चालू लागते. खंड पडला की मागचं संरक्षणही जातं. हॉस्पिटलच्या पॉलिसीत व्हिजिटिंग सर्जनचं नाव नव्हतं, त्यांचा वकील फक्त हॉस्पिटलसाठी उभा राहिला.

शेवटी तडजोड झाली. दादाने एफडी मोडली, तरी उरलेले पैसे हप्त्याहप्त्याने गेले. बाईचा नवरा ट्रक चालवायचा. दर हप्त्याला गाडी सोडून वकिलाकडे सही करायला यायचा. मला ते जास्त लागलं. हा विमा डॉक्टरच्या बचावासाठी असतो असं सगळे धरून चालतात. माझ्या मते तो पेशंटचे पैसे बुडू नयेत म्हणून हवा.

मात्र नुसती सक्ती पुरत नाही. ब्रिटनमध्ये ती आहे, पण तिथल्या डॉक्टरांच्या संरक्षण संस्था (विमा कंपनीऐवजी सभासद डॉक्टरांची भरपाई भरणाऱ्या) मदत करायची की नाही हे स्वतःच्या मर्जीने ठरवू शकतात. इयन पॅटर्सन या स्तनांच्या सर्जनने गरज नसलेली ऑपरेशनं केली, २०१७ मध्ये तो दोषी ठरला, आणि कृत्य गुन्हेगारी म्हणून त्याच्या संस्थेने हात काढून घेतला. २०२०च्या चौकशी अहवालाने हे नियम तातडीने सुधारा असं सांगितलं. आपल्या संघटनांच्या संरक्षण योजनांतही हेच आधी तपासावं: पैसे देणं बंधनकारक आहे की मर्जीवर? कायदा करायचाच तर निवृत्तीनंतरच्या वर्षांचं संरक्षणही त्यातच हवं.

हां, फौजदारी शिक्षा किंवा दंड विमा भरत नाही. सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयांचं गणितही वेगळं.

दादा अजून वकिलांचंच धरून बसलाय. त्या बाईला त्याच्या पॉलिसीचा पत्ताही नव्हता, आणि नोटीस आली तेव्हा पॉलिसी नव्हतीच.