वाचक विचारतात : कोकणातल्या अर्ध्या दिवसाच्या रानवाटा

दिवाळीनंतर रानात जाण्याचे बेत ठरू लागतात आणि आमच्याकडे पत्रांचा ढीग वाढतो. वारंवार येणारे काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

मागच्या एप्रिलमध्ये आम्ही पाच जण कर्नाळ्याला गेलो होतो. आम्ही दोघे, सासूबाई आणि सात व अकरा वर्षांची मुले. अकराला चालायला सुरुवात केली. जवळ एकेक लिटरच्या दोन बाटल्या होत्या. वाट छोटीच होती, तरी दीड तासात सगळे गळून गेलो आणि मुलाला उलटी झाली. आमचे नेमके काय चुकले?
— एक वाचक, पनवेल

वाट छोटी होती, वेळ चुकली आणि पाणी फारच कमी पडले. किनारपट्टीवर एप्रिलच्या हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही, अंगावरून नुसता ओघळतो. घाम वाळला तरच अंग थंड होते. त्यामुळे घाटमाथ्यावर जे अंतर सहज कापता, त्याला इथे दुप्पट दम लागतो. झाडीत सावली असली तरी वारा नसतो, म्हणून उकाडा उघड्यापेक्षा जास्त जाणवतो. मार्च ते मेमध्ये जायचेच असेल तर फाटक उघडताच आत शिरा आणि दहापर्यंत परत फिरा. खरे तर मुलांना घेऊन जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा.

पाण्याचा हिशेब असा करा. चालताना मोठ्या माणसाला तासाला अर्धा लिटर, मुलाला त्याच्या निम्मे. तुम्हा पाच जणांना तीन तासांसाठी सहा लिटर लागले असते आणि तुमच्याकडे दोनच होते. सहा लिटर म्हणजे सहा किलो. ते एकाच्या पाठीवर न लादता वाटून घ्या आणि निम्मे संपले की वाट उरली असली तरी मागे वळा. पाणी तहान लागेपर्यंत राखून ठेवू नका, दर वीस मिनिटांनी चार घोट प्या.

नुसते पाणीही पुरत नाही. घामाबरोबर मीठ जाते आणि त्यावर साधे पाणी ढोसत राहिले की मळमळ वाढते. एक बाटली कोकम सरबताची ठेवा, मात्र मीठ घातलेले. बाजारच्या नुसत्या गोड सिरपचा इथे उपयोग नाही. ओआरएसचे लिटरचे पाकीट बरोबर एक लिटर पाण्यातच विरघळवा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खे पाकीट ओतण्याची चूक फार जण करतात. ते पाणी जास्त खारट होते आणि मुलाचा त्रास उलट वाढतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

वाटेबद्दलही सांगायला हवे. कर्नाळ्यात निसर्गवाटा वेगळ्या आणि किल्ल्याची वाट वेगळी. हरियाल आणि मोरटाका या दोन्ही वाटा रानातून फिरतात. त्यांतली हरियाल लहान, ती सासूबाईंना जमेल. किल्ला मात्र समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून उंच आहे आणि पायथा जवळजवळ सपाटीलाच, म्हणजे सगळी चढण पायांनीच फेडायची. किल्ल्यावर गेलातच तर सुळक्याच्या कपारीतल्या आग्या मोहोळांचे भान ठेवा. अत्तर, धूर, आरडाओरडा तिथे नको. माश्या उठल्याच तर हात न झाडता तोंड झाकून सरळ पळायचे, थांबायचे नाही. नांगी नखाने खरवडून लगेच काढायची. जितका उशीर, तितके विष आत जाते.

फणसाड अभयारण्यात फिरताना मळलेली वाट धरूनही चुकायला झाले. वाट तर स्पष्ट होती!
— एक वाचक, रोहा

ती वाट ढोरांची असणार. फणसाड हे एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान. १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि विस्तार सुमारे ७० चौरस किलोमीटर. ऐन, किंजळ, अंजनी, जांभूळ आणि त्यांवर चढलेल्या गारंबीच्या मनगटाएवढ्या वेली. अशा दाट रानात लांबचे काही दिसत नाही आणि माणूस पायाखालच्या पट्टीवर विश्वास टाकतो.

ढोरवाट ओळखायची तर पायाखाली न पाहता छातीसमोर पाहा. माणसांच्या वापरातल्या वाटेवर डोक्याच्या उंचीच्या फांद्या कोयत्याने छाटलेल्या असतात. छाट तिरकी आणि स्वच्छ असते, जुनी असली तर काळी पडलेली. ढोरवाट पायाखाली तितकीच रुळलेली असते, पण छातीला आणि तोंडाला फांद्या अडतात, कारण ढोराला त्या उंचीवर जागा लागतच नाही. सारखे वाकावे लागते आहे, असे शंभर पावले झाले की थांबा. दुसरी खूण म्हणजे ढोरवाट पुढे जाऊन पाच-सहा पदरांत फुटते आणि चरण्याच्या माळावर किंवा पाणवठ्यावर विरून जाते.

चुकल्याचे लक्षात आले की शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत आल्या पावली परत जा. पुढे कुठेतरी मिळेलच, या आशेने माणसे आणखी गुंततात. ओढ्याच्या कडेने उतरले की गाव लागते हा समज तर सोडूनच द्या. सह्याद्रीच्या कातळात ओढे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात आणि मधली एखादी पायरी तीस फुटांची निघते. प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून पाहायची सवय लावा, कारण परतताना तेच दृश्य समोर येणार असते. मोबाइलवर नकाशा घरीच उतरवून घ्या. रेंज नसली, फोन विमान मोडवर असला, तरी जीपीएस चालतो. दाट झाडीत ठिपका वीस-तीस मीटर इकडेतिकडे सरकतो, तेवढी सूट द्या.

आणि वेळ. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, झाडीत मात्र साडेपाचलाच अंधारते. दुपारी निघणार असाल तर परत फिरायची वेळ आधीच ठरवा आणि कुठेही पोचलेले असा, त्या वेळेला वळा. विजेरी दिवसाच्या फेरीतही पिशवीत हवी.

जानेवारीत वेलीला हात लागला आणि कोपरापर्यंत आग उठली. धुतल्यावर ती जास्तच पसरली. गोळी घेऊनही फरक नाही. हे काय असावे?
— एक वाचक, अलिबाग

खाजकुयली. वेलीवर घोसाने लोंबणाऱ्या, इंग्रजी एस अक्षरासारख्या वाकलेल्या शेंगा, त्यांवर सोनेरी-तपकिरी मखमल. ती मखमल म्हणजेच सुटे, टोकदार केस. शेंग हिवाळ्यात वाळली की नुसत्या वाऱ्यानेही ते उडतात, म्हणून वेलीखाली बसून डबा उघडू नये.

तुमची चूक चोळून धुण्यात झाली. केस कातडीत रुतलेले असताना घासले की ते आणखी खोल जातात आणि हाताबरोबर पसरतात. आधी रुंद चिकटपट्टी त्या जागेवर हलकेच दाबा आणि एका झटक्यात ओढा. नवीन तुकडा घेऊन हे पाच-सहा वेळा करा. मगच साबण लावून, न घासता, वाहत्या पाण्याखाली हात धरा आणि कॅलॅमाइन लावा. शेणाचा लेप याच कारणाने लागू पडतो, वाळून निघताना तो केस ओढून घेतो. पण खाजवून कातडी फुटलेली असेल तर शेण लावणे धोक्याचे. पट्टी स्वस्त आणि स्वच्छ. गोळीचे म्हणाल, तर ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्या हिस्टामिनवर काम करतात. कुयलीची खाज मुख्यतः तिच्या केसांतल्या म्युकुनेन या विकरामुळे उठते, म्हणून गोळी फारशी लागू पडत नाही. कपडे उलटे करून वेगळे धुवा. डोळ्यात गेले असेल तर भरपूर स्वच्छ पाणी मारा आणि थेट डॉक्टर गाठा.

सिंधुदुर्गात माकडतापाच्या भीतीने रानात जाणे सोडावे का?
— एक वाचक, सावंतवाडी

सोडू नका, पण काळ आणि जागा पाहून जा. हा ताप गोचिडीतून येतो. दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये त्याचे रुग्ण आढळले. डिसेंबर ते मे हा जोखमीचा काळ, कारण तेव्हा गोचिडीची बारीक पिल्ले पालापाचोळ्यात असतात. ती खसखशीएवढी असतात, शोधल्याशिवाय दिसत नाहीत. फिकट रंगाची विजार मोज्यांत खोचा, पाचोळ्यावर बसू नका, कीटकरोधक मलम लावा. घरी आल्यावर काखा, गुडघ्यामागची घडी आणि कानामागची जागा तपासा. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल ओतणे, काडी लावणे नको, तिला त्रास दिला की ती आतली लाळ सोडते. पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप आला तर रानात गेला होतात, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

पावसाळ्यात ओढा किती खोल असेल तर ओलांडावा?
— एक वाचक, चिपळूण

गुडघ्याच्या खाली. तेही पाणी निवळ असेल आणि खालच्या अंगाला धबधबा नसेल, तरच. आपल्याकडचे ओढे लहान आणि उतार तीव्र, त्यामुळे डोंगरावर पडलेली एकच मोठी सर खाली काही मिनिटांत पोचते. पाणी अचानक गढूळले, काड्या-पाने वाहू लागली की काठ सोडून वर चढा. पलीकडे अडकलात तर बसून राहा, पाऊस थांबल्यावर असे ओढे बहुधा तास-दोन तासांत ओसरतात. ओलांडताना पिशवीचा कमरपट्टा सोडलेला हवा, तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, पावले बाजूला टाकायची. शेवाळलेला कातळ टाळा. तिथे महागडे, कडक तळव्याचे बूटही घसरतात, मऊ रबराचे, खोल खाचांचे बरे.

सडे-कातळावर फुरशाची भीती वाटते. बरोबर काय ठेवावे?
— एक वाचक, देवगड

घोट्यावर येणारे बूट आणि काठी. फुरसे छोटे आणि जांभ्याच्याच रंगाचे, दगडाखाली असते. त्यामुळे न पाहता दगड उचलू नका, खाचेत हात घालू नका. चावलेच तर आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, चोखणे यांतले काहीही नको. अंगठी-कडे काढा, पाय फळकुटाला बांधून स्थिर ठेवा, माणसाला शक्य तितके चालवू नका आणि १०८ ला फोन लावा. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. साप पकडून नेण्यात वेळ घालवू नका.

तीनदा गेलो, शेकरू दिसले नाही. कसे शोधावे?
— एक वाचक, पेण

शोधू नका, ऐका. खुळखुळा हलवल्यासारखा दणदणीत आवाज येतो. सकाळी साडेनऊच्या आत किंवा चारनंतर जा, दुपारी ते फांदीवर पसरून निजते. आधी घरटी हेरा. शेंड्याजवळ, शेजारच्या झाडांच्या फांद्या जिथे गुंततात तिथे, फुटबॉलपेक्षा मोठा काड्या-पानांचा गोळा दिसेल. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधते, तेव्हा पहिले रिकामे निघाले तरी हिरमुसू नका. झाडापासून वीस पावले दूर, सावलीत, पंधरा मिनिटे गप्प उभे राहा. मळकट हिरवा किंवा मातकट सदरा चालेल, पांढरा नको.